पटावरचे प्रश्न : कोकोच्या बिया आणि पानातली डावी बाजू

गेल्या अंकात टाइल मांडायच्या खेळांचा उल्लेख ओझरता आला आणि पत्रांचा ढीग पडला. निम्म्याहून जास्त पत्रं खाण्यापिण्यावरच्या खेळांबद्दल, त्यातही 'काकाओ'बद्दल. खाण्याचा विषय आणि नियमांवरून वाद घालायची सोय, दोन्ही एकाच डब्यात मिळाल्यावर पुणेकर दुसरं काय करणार! ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : या खेळांत पट आधीपासून छापलेला नसतो. पुठ्ठ्याच्या चौकोनी टाइल एकेक करून टेबलावर मांडायच्या, त्यातूनच पट उभा राहतो. 'काकाओ'त आपापल्या कामगारांच्या टाइल आणि सगळ्यांच्या सामाईक जंगलाच्या टाइल एकमेकींना लागून मांडायच्या, कोकोच्या बिया मिळवायच्या आणि विकून सोनं करायचं. आता पत्रं.

प्रश्न : ओळखीच्या एका कुटुंबाकडून 'काकाओ'चा जुना डबा निम्म्या किमतीत मिळतोय. मुलगा म्हणतो, असल्या खेळांच्या नव्या आवृत्त्या निघत असतात, जरा थांब. नव्या आवृत्तीत नक्की बदलतं काय? थांबावं का?
(एक गृहिणी, कोथरूड)

उत्तर : थांबू नका, जुना घेऊन टाका. पण पैसे देण्याआधी डबा तिथेच उघडा आणि टाइल मोजा. मोजायला लाजायचं नाही. कामगारांच्या 44 (चार रंग, प्रत्येकी 11) आणि जंगलाच्या 28. एवढ्या भरल्या तर पुढचं बोलायचं. टाइलवर मजकूर नाही, सगळी चित्रं आणि आकडे आहेत, त्यामुळे डबा जर्मन निघाला तरी बिघडत नाही. मूळ खेळ जर्मनीच्या अबाकुसश्पीलं या प्रकाशकाचा, 2015 सालचा. रचणारे फिल वॉकर-हार्डिंग ऑस्ट्रेलियाचे. 'सुशी गो' हा पत्त्यांचा खेळही त्यांचाच, तेव्हा खाण्याचा विषय या गृहस्थांच्या अंगवळणी पडलेला आहे.

आता नव्या आवृत्तीत काय बदलतं. बहुतेक वेळा चित्रं आणि डबा. कधी जुने विस्तार, म्हणजे मूळ खेळाला जोडायच्या जादा टाइल आणि नियम, आतच भरून देतात. आणि क्वचित नियम. हे तिसरं प्रकरण मात्र खरं बघण्यासारखं असतं. 'कार्कासोन' घ्या, टाइल-खेळांतला सगळ्यात गाजलेला. क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा हा खेळ 2000 साली आला, आणि 2001 मध्ये त्याला जर्मनीचा 'वर्षातला सर्वोत्तम खेळ' हा पुरस्कार मिळाला. त्याच्या पहिल्या नियमपुस्तिकेत दोनच टाइलचं छोटं शहर पुरं केलं तर गुण मिळायचे 2. पुढच्या आवृत्त्यांत त्याच शहराला 4 मिळायला लागले. शेतकऱ्यांचे गुण मोजायची पद्धतही बदलली. म्हणजे आत्याकडे एक पुस्तिका आणि तुमच्याकडे दुसरी, की दोघी बरोबर आणि भांडण कायम. 2014 मध्ये चित्रंही नव्याने काढली. माप तेच राहिलं, पण जुन्या टाइलांत नव्या मिसळल्या की डोळ्यांना खुपतात.

चित्रांच्या फरकाकडे मी एरवी दुर्लक्ष करा म्हणेन. पण एक गोष्ट तपासा : टाइलची पाठ. 'काकाओ'त जंगलाच्या टाइल पालथ्या गठ्ठ्यातून येतात. जुना खेळ आणि नव्या छपाईचा विस्तार असं एकत्र केलंत, आणि पाठीचा हिरवा रंग जरा जरी वेगळा निघाला, तर पुढची टाइल कुठली ते चौथीतलं पोरसुद्धा ओळखतं. आमच्या इमारतीतली पोरं तर पुठ्ठ्याच्या कडेवरून ओळखतात.

विस्तार लगेच घेऊ नका. 'चोकोलाटल' हा 2016 चा विस्तार चांगला आहे, त्यात स्वयंपाकघर येतं, बिया नेऊन चॉकलेट करायचं आणि जास्त भावाने विकायचं. पण मूळ खेळ घरात मुरल्याशिवाय तो उघडलात तर डबा माळ्यावर जाईल.

प्रश्न : 'काकाओ' खेळताना नणंदेने तिची टाइल लावली, मग मधल्या रिकाम्या जागेत जंगलाची टाइल ठेवली. त्या टाइलला माझे तीन कामगार लागून होते, म्हणून मी तीन बिया विकल्या. ती म्हणते, 'पाळी माझी, तू कशी विकतेस?' घरात दोन तट पडलेत. निकाल द्या.
(एक वाचक, सिंहगड रोड)

उत्तर : निकाल तुमच्या बाजूने. नणंदबाईंना पत्र दाखवा, पण जेवण झाल्यावर.

नियम असा. कामगारांच्या टाइलला चार बाजू, आणि चारही बाजू मिळून कामगार चारच. कुठे प्रत्येक बाजूला एकेक, कुठे दोन-एक-शून्य-एक, आणि एखाद्या टाइलवर एकाच बाजूला तिघे दाटीवाटीने उभे. कामगारांची टाइल दुसऱ्या कामगारांच्या टाइलला फक्त कोपऱ्याने भिडू शकते, कडेने नाही. बुद्धिबळाच्या पटाची पांढरी घरं कामगारांची आणि काळी जंगलाची, अशी मांडणी होते. तुमच्या टाइलमुळे एखादी रिकामी जागा दोन कामगार-टाइलांच्या मध्ये आली, की ती जागा लगेच भरावी लागते. समोर उताण्या ठेवलेल्या जंगलाच्या दोन टाइलांपैकी एक निवडून तिथे ठेवायची. ठेवली की तिला लागून असलेले सगळे कामगार कामाला लागतात. सगळे. पाळी कुणाचीही असो.

बाजाराची टाइल आली तर प्रत्येक कामगार एक बी विकतो, भाव टाइलवर छापलेला असतो, 2, 3 किंवा 4. नणंदबाईंनी समजा 4 भावाचा बाजार ठेवला. त्यांचा एक कामगार त्या बाजूला, म्हणजे त्यांना 4 सोनं. तुमचे तिघे, म्हणजे तुम्हाला 12. स्वतःच्या पाळीत त्यांनी तुमचं घर भरलं. राग आला तो नियमाचा नाही, हिशेबाचा.

पण त्यांना दुसरा रस्ता होता, तो सांगते. समोर दोन टाइल असतात. एक बाजार, दुसरा समजा दोन बियांचा मळा, म्हणजे कामगारागणिक दोन बिया. वरवर बघता मळा तर आणखी वाईट : त्यांना दोन, तुम्हाला तीन कामगारांच्या सहा. पण कोठारात बिया मावतात फक्त पाच. तुमच्या कोठारात त्या वेळी चार बिया असतील, तर सहातली एकच आत जाणार, बाकीच्या पाच वाया. म्हणजे त्यांना दोन, तुम्हाला एक. तुमच्या कोठाराकडे एक नजर टाकून टाइल उचलली असती तर हा वाद झालाच नसता आणि मला पत्रही आलं नसतं.

या खेळातलं सगळं कौशल्य मला इथे दिसतं. नवीन माणूस टाइल हातात घेतो आणि 'मला काय मिळेल' एवढंच बघतो. जरा मुरलेला माणूस आधी बघतो ते रिकामं घर, आणि त्या घराला लागून कोण कोण बसलंय. आमच्या सासूबाई चष्मा कपाळावर सरकवून आधी दुसऱ्यांची कोठारं मोजतात, मग आपल्या टाइलना हात लावतात. त्यांच्याशी खेळताना चार बिया साठवून बसायची कुणाची छाती होत नाही.

प्रश्न : नातवंडं 'काकाओ' खेळतात ते बघते. कोको म्हणजे आपली केकमध्ये घालायची पूडच ना? मग त्यात देऊळ, सूर्य आणि पाणी कशाला? आणि हा खेळ मला जमेल का? वय 76.
(एक आजी, नारायण पेठ)

उत्तर : आजी, पूड ही फार शेवटची पायरी. कोकोचं झाड सावलीत वाढतं आणि त्याची फळं फांदीच्या टोकाला न लागता थेट खोडाला लागतात, आपल्याकडच्या फणसासारखी. फळ फोडलं की आत पांढऱ्या गरात बिया. त्या काही दिवस आंबवायच्या, मग वाळवायच्या, मग भाजायच्या, तेव्हा कुठे चॉकलेटचा वास येतो. कच्ची बी तोंडात टाकली तर कडूजहर. आपल्या देशातही हे पीक आहे, केरळ, आंध्र, कर्नाटकात नारळी-पोफळीच्या बागांत मधल्या सावलीत लावतात. कर्नाटकातल्या पुत्तूरला सुपारी आणि कोको बागायतदारांच्या 'कॅम्पको' या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना 1986 पासून आहे. पुढच्या वेळी मंगळूरकडे जाणं झालं तर तिथली बाग जरूर बघा.

खेळ घडतो मध्य अमेरिकेत, माया लोकांच्या मुलखात. तिथे कोको हे पेय होतं, बिनसाखरेचं, त्यात मिरचीही घालत. पुढे अ‍ॅझ्टेक राज्यात कोकोच्या बियांनी बाजारात देणंघेणं चाले, करही बियांत भरत. आणि पैसा आला की लबाडी आलीच : रिकाम्या टरफलांत माती भरून खोट्या बिया खपवणारे तेव्हाही होते. म्हणून खेळातही बिया विकून सोनं करायचं. पाण्याचं कारण भूगोलात आहे. युकातान भागात चुनखडीचा खडक, जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या नाहीतच म्हटलं तरी चालेल. पाणी खडकात खोल खचलेल्या नैसर्गिक विहिरींत. खेळात प्रत्येकाचा एक पाणक्या असतो. तो उणे 10 वर सुरू होतो. पाण्याच्या टाइलला लागून कामगार लावला की तो एकेक पायरी पुढे जातो आणि शेवटी 16 पर्यंत पोचतो. नातवाला सांगा, पाणी विसरलास तर खेळ संपताना 10 सोनं कापलं जाईल. पोरं हमखास विसरतात.

देवळाचे गुण शेवटी : ज्याचे कामगार तिथे सगळ्यात जास्त त्याला 6, दुसऱ्याला 3. सूर्याची चकती जपून ठेवा, खेळाच्या शेवटाकडे ती खर्चून स्वतःच्याच जुन्या टाइलवर नवी टाइल चढवता येते. जिथे मोक्याची जागा आधीच आपली आहे, तिथे हे फार उपयोगी पडतं.

जमेल का म्हणालात, तर डब्यावर आठ वर्षांपासून पुढे असं लिहिलंय, वरची मर्यादा दिलेली नाही. हातात एका वेळी तीनच टाइल असतात. लक्षात ठेवायचं काही नाही, सगळं टेबलावर उघडं. रमीत तुम्ही नातवंडांना हरवत असालच. इथेही हरवाल.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या टाइल वाकल्या. पापडासारख्या झाल्यात. काय करू?
(एक वाचक, बावधन)

उत्तर : पुठ्ठा ओल धरतो, त्याला इलाज नाही. वाकलेल्या टाइल कोरड्या वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये पसरा, वर जाड शब्दकोश ठेवा आणि आठवडाभर विसरून जा. उन्हात ठेवू नका, एक बाजू लवकर सुकते आणि टाइल उलट्या बाजूला वाकते. इस्त्री तर मुळीच नको, वरचा छापील कागद सुटून येईल. नंतर डब्यात बुटाच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. लहान मूल असेल तर त्या कापडात शिवून टाका. आणि डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत भाचरंडं येतात. त्यांच्यासाठी आपल्या जेवणावरचा टाइलचा खेळ घरीच करायचा आहे, सुशी नको आणि पिझ्झा नको. काही सुचवाल?
(एक मामा, सदाशिव पेठ)

उत्तर : मामा, तुमचं पत्र वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. आपलं पान वाढायची पद्धत म्हणजे आयता टाइलचा खेळ आहे. कुठला पदार्थ कुठे, आधी काय, नंतर काय, सगळे नियम ठरलेले. आपल्या आज्यांनी ते न लिहिता पाठ केले. खाली देते तो खेळ आमच्या गॅलरीतल्या टेबलावर सुट्टीभर चालला, त्यात सुधारणाही पोरांनीच केल्या.

प्रत्येकासमोर एक पान, त्यावर तीन गुणिले तीन अशी नऊ घरं आखा. मधल्या रांगेत वर मीठ, मध्ये पोळी, खाली वरणभात. डावी रांग वरून खाली : लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवी रांग : सुकी भाजी, पातळ भाजी, आमटी. लोणचं मी गाळलं, कारण घरं नऊच आहेत. त्यावरून पत्रं पाठवू नका.

चौघांसाठी टाइल : मधल्या रांगेतल्या पदार्थांच्या प्रत्येकी चार. डाव्या-उजव्या रांगांतल्या पदार्थांच्या मात्र प्रत्येकी तीनच. इथेच खेळाची गंमत आहे. चौघे जेवायला बसलेत आणि कोशिंबीर तिघांपुरती, म्हणजे कुणाचं तरी पान अर्धवट राहणार. शिवाय आठ जिलब्या आणि पाच मठ्ठे. एकूण 43.

टाइल पालथ्या ठेवून मिसळा, तीन उताण्या मांडा. आपल्या पाळीला तिघींपैकी एक उचलायची आणि आपल्या पानात तिच्या जागी ठेवायची, मग गठ्ठ्यातून नवी उलटायची. पहिलं वाढायचं ते मीठच, त्याआधी पानात काही नाही. मग प्रत्येक रांग वरून खालीच भरायची. चटणी वाढल्याशिवाय कोशिंबीर नाही, पोळीशिवाय वरणभात नाही. तिघींपैकी एकही चालणार नसेल तर 'नको, पोट भरलं' म्हणायचं आणि पाळी सोडायची. मात्र समोर जिलबी असेल तर 'नको' म्हणता येत नाही.

कारण जिलबी आपल्या पानात वाढायची नसतेच. ती दुसऱ्याच्या पानात आग्रहाने वाढायची, त्याच्या कुठल्याही रिकाम्या घरात, मिठाचं घर सोडून. वाढणाऱ्याला लगेच 1 गुण. ज्याच्या पानात पडली त्याचं घर अडलं. हुशार पोरगं जिलबी रांगेच्या वरच्या घरातच वाढतं, म्हणजे खालची सगळी रांग अडते. यावर उपाय मठ्ठा. मठ्ठा उचलून आपल्या पानातल्या जिलबीवर ठेवला की जिलबी जिरली : दोन्ही टाइल उचलून बाजूला ठेवा, घर मोकळं, वर 3 गुण. म्हणजे एका मठ्ठ्याच्या भरवशावर मुद्दाम जिलबी ओढवून घेणारेही निघतात. आमच्या शेजारची सहावीतली मुलगी 'मला वाढा ना, मला चालेल' असं इतक्या गोड आवाजात म्हणते, की मोठी माणसं हमखास फसतात.

गठ्ठा संपला आणि उताण्या टाइलही कुणाला चालेनाशा झाल्या की खेळ संपला. गुण : डावीकडच्या पदार्थाला 1, उजवीकडच्याला 2, पोळीला 2, वरणभाताला 3, मिठाला काही नाही. पूर्ण भरलेल्या रांगेला वरून 3. न जिरलेल्या जिलबीमागे 2 वजा, कारण पानात टाकायचं नाही.

करायचं कसं तेही सांगते. आधी सरळ वहीच्या कागदाचे चौकोन कापा, पेनाने नावं लिहा आणि दोन-तीन डाव खेळा. सुंदर चित्रं काढून झाल्यावर नियम बदलायला कुणाचा हात धजत नाही. आकडे जमले की मग 2 मिलिमीटर जाडीचा ग्रे बोर्ड आणा, अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या मोठ्या दुकानांत मिळतो. चार सेंटिमीटरचा चौकोन धरलात तर ए-4 आकाराच्या कागदावर 35 बसतात, म्हणजे दोन कागदांत खेळ होऊन पोरांनी हरवायलाही टाइल उरतात. चित्रांचे कागद बोर्डावर चिकटवून, दाबाखाली नीट वाळवून, पेठेतल्या एखाद्या बाइंडरकडून मशीनवर कापून घ्या. घरी कटरने कापाल तर कडा तिरक्या होतील, आणि तिरक्या कडेवरून जिलबी ओळखू येते. चिकटवायला फेव्हिकॉल पातळ थरात. जाड लावलात तर बोर्ड वाकेल, मग वरचं बावधनच्या वाचकांना दिलेलं उत्तर वाचा.

चित्रं भाचरंडांकडूनच काढून घ्या. चटणी हिरवी की लाल यावर एक दुपार जाते.

दोघांत खेळायचं असेल तर मधल्या रांगेतल्या प्रत्येकी दोन, बाजूच्या पदार्थांच्या काहींच्या दोन आणि काहींची एकच, एवढ्याच टाइल घ्या. कुठल्या पदार्थाची एकच ठेवायची ते डावागणिक बदला. जिलब्या चार, मठ्ठे दोन.

प्रश्न : आपल्याकडे सोंगट्या, गंजिफा असताना परदेशी खेळांचे चोचले कशाला? तुम्ही सदरात सारखं जर्मनी-जर्मनी करता.
(एक ज्येष्ठ वाचक, शनिवार पेठ)

उत्तर : गंजिफा मलाही प्रिय आहे. सावंतवाडीला आजही हाताने रंगवतात, दशावतारी गंजिफाचे 120 गोल पत्ते असतात. तुमच्याकडे संच असेल तर शनिवारी घेऊन या, चार भिडू मी जमवते. पण तुम्ही म्हणता तसं 'हा आपला, तो परका' करायचं तर मिरची, बटाटा आणि टोमॅटोही स्वयंपाकघरातून बाहेर काढावे लागतील, तेही कोकोच्याच खंडातून आले. उपासाची बटाट्याची भाजी सोडायला तुम्ही तयार असाल तर आपण पुढे बोलू.

प्रश्न : आम्ही दोघंच घरी. मुलं बंगळुरूला. 'काकाओ' दोघांत रंगतो का?
(एक जोडपं, औंध)

उत्तर : रंगतो, आणि जरा तिखट होतो. चौघांत तुम्ही टाइल ठेवली की फायदा कुणाकुणाला विभागून जातो. दोघांत तो थेट समोरच्या माणसालाच जातो, तोही आपल्या हाताने. ज्या जोडप्यांना पत्ते खेळताना बोलणं बंद करायची सवय आहे त्यांनी आधी 'किंगडोमिनो' खेळून बघावा. ब्रूनो काताला यांचा, 2016 चा, 2017 चा जर्मन पुरस्कार त्यालाच मिळाला. त्यात ज्याचं त्याचं राज्य वेगळं, भांडण फक्त टाइल निवडण्यापुरतं, आणि पंधरा-वीस मिनिटांत डाव आटोपतो. चहा गार होत नाही.

प्रश्न : 'काकाओ'मधली लाल रंगाची एक टाइल हरवली, प्रत्येक बाजूला एक कामगार असलेली. बहुधा सोफ्यात गेली. आता खेळ फुकट गेला का?
(एक विद्यार्थी, कर्वेनगर)

उत्तर : नाही. नियमपुस्तिका नीट वाच. तिघे खेळत असतील तर प्रत्येकाने एक-एक-एक-एकची एक टाइल आधीच डब्यात परत ठेवायची असते. चौघे असतील तर तीच आणि शिवाय दोन-एक-शून्य-एकची एक. म्हणजे तुझी हरवलेली टाइल तीन-चार जणांच्या खेळात लागतच नाही. दोघेच असाल तर लाल रंग सोडून दुसरे दोन घ्या.

सोफ्याच्या गाद्या मात्र काढून बघ. टाइल नाही तर निदान रिमोट सापडेल.